बो ब्रमेल : टापटिपीचा बादशहा

इंग्रजी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला बायरन भेटतो, नेपोलियनच्या लढायांचे उल्लेख भेटतात. पण त्याच काळात लंडनचे सरदार-दरकदार ज्याच्या गळपट्ट्याच्या चुण्यांकडे टक लावून पाहत, तो बो ब्रमेल अभ्यासक्रमात सहसा भेटत नाही. आपल्या शतकातल्या थोर पुरुषांत बायरनने पहिला मान ब्रमेलला, दुसरा नेपोलियनला आणि तिसरा स्वतःला दिला होता, अशी एक कथा सांगतात. ती थट्टा असेल. पण थट्टेलाही काही आधार लागतो. या माणसाने लढाई जिंकली नाही, कायदा केला नाही. त्याने फक्त कपडे घातले. आणि तरीही आज आपल्याकडचा नवरदेव स्वागत समारंभात गडद कोट, पांढरा सदरा आणि लांब पाटलोण घालून उभा राहतो, तेव्हा त्या पोशाखात या इंग्रज गृहस्थाचा थोडा तरी वाटा असतो.

मी त्याच्या चरित्राकडे वळलो तो केवळ कुतूहलाने. एवढा गाजलेला पोशाखी माणूस भरजरी कपडे करीत असेल, हिरे-माणकांनी मढलेला असेल, अशी माझी कल्पना होती. निघाले ते नेमके उलटे. त्याचा रुबाब पाणी, साबण, खळ, ब्रश आणि बेताने शिवलेले कापड यांवर उभा होता. आणि त्याचा नाश झाला तो कपड्यांनी नव्हे, तर उधारीने. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्यासारख्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्याचे पूर्ण नाव जॉर्ज ब्रायन ब्रमेल. बो हे लोकांनी चिकटवलेले बिरुद. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ देखणा, आणि इंग्रजीत त्याला छैलछबिला अशी छटा आली. ७ जून १७७८ रोजी तो लंडनमध्ये जन्मला. आपल्याकडे तेव्हा पुण्यात नाना फडणीसांचा कारभार होता आणि इंग्रज-मराठ्यांचे पहिले युद्ध चालू होते. ब्रमेलचे घराणे खानदानी नव्हते. आजोबा लंडनच्या सेंट जेम्स भागात खोल्या भाड्याने देत. वडील मात्र हुशारीने वर चढले आणि पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांचे खाजगी चिटणीस झाले. त्यांनी मुलाला ईटनच्या शाळेत घातले. तेथे श्रीमंतांच्या मुलांत वावरताना या पोराने एक गोष्ट ओळखली असावी : नावामागे जहागीर नसेल तर माणसाने दुसरे काहीतरी असे कमवावे, की जहागीरदारानेही वळून पाहावे. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात तो थोडेच दिवस राहिला. १७९४ साली वडील वारले आणि त्याच वर्षी सोळा वर्षांचा ब्रमेल लष्करात शिरला.

त्याची पलटण साधीसुधी नव्हती. ती खुद्द युवराजाची, म्हणजे पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसलेल्या राजपुत्राची घोडेस्वार पलटण होती. युवराजाला कपड्यांचे विलक्षण वेड. त्याची आणि या तरुणाची गट्टी जमायला वेळ लागला नाही. शिपाईगिरीत मात्र ब्रमेलचे लक्ष नव्हते. आपली तुकडी कोणती हेही त्याला उमगत नसे. तुकडीतल्या एका शिपायाचे निळसर मोठे नाक हीच त्याची खूण, आणि एकदा तो शिपाई दुसऱ्या तुकडीत गेला तेव्हा साहेबही तिथेच जाऊन उभे राहिले, अशी गोष्ट त्याच्याबद्दल सांगितली जाई. घोड्यावरून पडून त्याचे नाकही मोडले होते. १७९६ मध्ये तो कॅप्टन झाला. १७९८ साली पलटण मँचेस्टरला हलणार असे ठरताच लंडनपासून दूर जाण्याऐवजी त्याने राजीनामा दिला. वयात आल्यावर वडिलांच्या मालमत्तेतील सुमारे ३०,००० पौंडांचा वाटा त्याच्या हाती पडला. त्याने मेफेअर भागात चेस्टरफील्ड स्ट्रीटवर ४ क्रमांकाचे घर घेतले आणि तेथून त्याची खरी कारकीर्द सुरू झाली.

त्यापूर्वी युरोपातला उच्चभ्रू पुरुष कसा दिसे, हे ध्यानात घेतल्याशिवाय ब्रमेलने केले काय ते कळत नाही. रेशमी वा मखमली कोट, त्यावर सोन्यारुप्याचे भरतकाम, मनगटाशी लेसच्या झालरी, गुडघ्यापर्यंतच्या विजारी, केसांवर पिठासारखी पांढरी पावडर आणि अंगावर अत्तराचा मारा. अंघोळीचे प्रस्थ फारसे नव्हते. अत्तराला काम भरपूर होते. फ्रान्समधल्या राज्यक्रांतीनंतर हा थाट डोळ्यांत खुपू लागला. १७९५ साली इंग्रज सरकारने केसांच्या पावडरीवर वर्षाला एक गिनी कर बसवला आणि तिची फॅशनच ओसरली. वारे बदलले होते. ब्रमेलने त्या वाऱ्याची दिशा ओळखली.

त्याचा दिवसाचा पोशाख ठरलेला असे : निळा लोकरी कोट, फिकट पिवळसर वेस्टकोट, त्याच रंगाकडे झुकणारी घट्ट पाटलोण, काळे उंच बूट आणि गळ्याशी पांढरा गळपट्टा. संध्याकाळी निळा कोट, पांढरा वेस्टकोट आणि घोट्यापर्यंत उतरणारी काळी पाटलोण. दागिना म्हणाल तर घड्याळाची साखळी. रस्त्याने जाताना लोकांनी वळून पाहिले तर समजावे की आपला पोशाख बिघडला आहे, असे त्याचे मत सांगितले जाते. मोठी गंमत आहे ही! ज्याला सारे शहर पाहत होते, तो न दिसण्याचा आग्रह धरीत होता. त्याचा अर्थ मी असा लावतो : कपड्याने ओरडू नये, माणूस नीट आहे एवढेच हळू सांगावे.

मग त्याच्या पोशाखात विशेष ते काय? पहिले म्हणजे बेत. लोकरीचे कापड वाफेने आणि इस्त्रीने अंगाच्या वळणावर बसवता येते. रेशमाला ते साधत नाही. श्वाइट्झर अँड डेव्हिडसन, वेस्टन, मायर असे लंडनचे नामांकित शिंपी त्याचे कपडे शिवीत. खांद्याला सुरकुती नाही, पाठीला फुगा नाही, पाटलोणीला चुणी नाही. पाटलोण ताणलेली राहावी म्हणून तळव्याखालून जाणारा पट्टा असे.

आपल्याला हा धडा आजही उपयोगी आहे. तयार कोट घेताना कमरेकडे आधी पाहू नये, खांद्याकडे पाहावे. कंबर, बाही आणि लांबी कोणताही बरा शिंपी कमी-जास्त करून देतो. खांदा चुकला की तो दुरुस्त करणे जवळजवळ नवा कोट शिवण्याइतकेच किचकट. थोरल्या भावाचा कोट धाकट्याच्या अंगावर शोभतो किंवा शोभत नाही, याचे कारण बहुधा तिथेच असते.

दुसरे विशेष म्हणजे स्वच्छता. ब्रमेल रोज अंघोळ करी, दात घाशी, दाढी करी आणि उरलेसुरले केस चिमट्याने उपटून काढी. आपल्याला यात नवल वाटणार नाही; त्याच्या सोबत्यांना वाटे. अत्तर त्याने टाकून दिले. उत्तम कापडाचे सदरे, ते पुष्कळ, आणि खेड्यात धुतलेले, हे त्याचे सूत्र होते. खेड्यात का? तर लंडनच्या हवेत दगडी कोळशाचा धूर भरलेला. दोरीवर वाळणारे पांढरे कापड सुकता सुकता काजळायचे. शहराबाहेरच्या गवतावर, मोकळ्या उन्हात वाळलेले कापड पांढरेशुभ्र राही. आपण ज्याला परीटघडी म्हणतो, तिची किंमत या माणसाने हिऱ्यापेक्षा जास्त लावली.

तिसरी गोष्ट त्याचा गळपट्टा. त्याचे नाव अजून निघते ते मुख्यत्वे यामुळेच. मलमल हे मूळ आपल्या देशाचे कापड. त्याच्या पूर्वीही लोक मलमलीचा पट्टा गळ्याभोवती गुंडाळीत. पण तो पुढच्या बाजूला ढिला पडून पिशवीसारखा लोंबे. ब्रमेलने त्याला हलकी खळ घातली. फार कडक नाही, फार मऊ नाही. चुणी धरील पण मान हलू देईल इतकीच. सदऱ्याची कॉलर एवढी उंच की उभी केल्यावर तोंड झाकून जाई. ती आधी खाली दुमडायची. मग सुमारे फूटभर रुंदीचा पट्टा गळ्याभोवती गुंडाळून, हनुवटी आढ्याकडे करून आरशासमोर उभे राहायचे, आणि हनुवटी हळूहळू खाली आणीत त्या दाबानेच मलमलीला चुण्या पाडायच्या. चुणी मनासारखी पडली तर ठीक. नाहीतर तो पट्टा सोडून ओंजळीतून खाली, आणि दुसरा कोरा पट्टा गळ्यात. चुरगळलेली मलमल दुसऱ्यांदा कधीच बांधायची नाही. एकदा त्याचा खिजमतगार रॉबिन्सन हातभर चुरगळलेले पट्टे घेऊन जिना उतरत होता. भेटीला आलेल्या गृहस्थाने विचारले तेव्हा, हे आमचे फसलेले प्रयत्न आहेत, अशा अर्थाचे उत्तर त्याने मोठ्या गांभीर्याने दिले.

हा सोहळा पाहायला सरदार येत, खुद्द युवराज येऊन बसे. आपल्या कोटाचा बेत ब्रमेलला पसंत नाही असे कळल्यावर युवराजाच्या डोळ्यांत पाणी आले होते, अशीही कथा आहे. जिच्याकडे राज्य येणार होते ती व्यक्ती एका चिटणिसाच्या मुलाकडून शाबासकीची वाट पाहत बसली होती! जन्माने मिळणाऱ्या मानाला धुतलेल्या मलमलीने दिलेला हा धक्का मला फार मोलाचा वाटतो. भरतकाम विकत घ्यावे लागते. नीटनेटकेपणा अंगी बाणवावा लागतो.

पण येथेच एक शंका डोकावते. ती परीटघडी घालणारे हात कोणाचे होते? गळपट्टे टाकायचे ब्रमेलने. ते उचलायचे रॉबिन्सनने. धुवायचे, खळ घालायचे, वाळवायचे दुसऱ्याच कोणीतरी. थोडी काटकसर केली तर वर्षाला ८०० पौंडांत नीट कपडे घालता येतील, असा सल्ला त्याने एकदा दिल्याचे सांगतात. ८०० पौंड म्हणजे त्या काळी एखाद्या कारागिराची कित्येक वर्षांची कमाई. साधेपणा दिसायला साधा होता. त्याचे बिल साधे नव्हते. शिंप्यांची देणी थकत होती. सरदारांची देणीही थकत, पण त्यांच्यामागे जमिनी होत्या. ब्रमेलच्या मागे फक्त नाव होते.

त्यात जुगाराची भर पडली. व्हाइट्स, वॉटिएर्स अशा क्लबांत रात्री पत्ते चालत. बापाचा पैसा विरघळत गेला. १८११ साली युवराज राजप्रतिनिधी झाला आणि हळूहळू दोघांचे बिनसले. १८१३ च्या जुलैत ब्रमेलने इतर तिघांच्या सोबत एक नृत्यसमारंभ दिला. युवराज आला, इतरांशी बोलला, ब्रमेलकडे मात्र त्याने पाहून न पाहिल्यासारखे केले. तेव्हा ब्रमेलने शेजारच्या लॉर्ड अल्व्हान्लीला मोठ्याने विचारले, की तुमचा हा लठ्ठ मित्र कोण. सभेत हशा पिकला असेल. पण सावकारांच्या कानांवर हे गेले तेव्हा त्यांनी काय हिशेब केला असेल, ते सांगायला नको. राजाची मर्जी हेच ज्याचे तारण, त्याचे तारण गेले.

पुढे आणखी तीन वर्षे त्याने ओढली. काही मित्रांबरोबर मिळून कर्जे काढली, आणि ती अंगाशी आली. १६ मे १८१६ च्या संध्याकाळी तो नेहमीसारखा नाटकगृहात दिसला. तेथून लवकर निघाला, गाडीत बसला, रातोरात डोव्हर गाठले आणि समुद्र ओलांडून फ्रान्समधल्या काले गावी उतरला. कर्जासाठी इंग्लंडात तुरुंग होता. फ्रान्समध्ये इंग्रज सावकाराचा हात पोचत नसे. आठवड्याच्या आत क्रिस्टीने त्याच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव पुकारला. चिनी मातीची भांडी, पुस्तके, मद्ये, सारे गेले. एका तपकिरीच्या डबीत चिठ्ठी सापडली म्हणतात : युवराज जरा बरा वागला असता तर ही डबी त्याला द्यायची होती, अशा आशयाची.

कालेमध्ये एका पुस्तकविक्रेत्याच्या घरात जागा घेऊन तो चौदा वर्षे राहिला. या अवधीत आपल्याकडे पेशवाई बुडाली. तिकडे हा पदच्युत बादशहा इंग्लंडातून येणाऱ्या मित्रांच्या देणग्यांवर जगत होता, आणि तरीही उधारीवर उंची लाकूडसामान घेत होता. १८२१ साली राजा झालेला चौथा जॉर्ज काले गावातून गेला. त्याने जुन्या मित्राला भेटीला बोलावले नाही. १८३० मध्ये ब्रमेलला काँ या फ्रेंच शहरात इंग्रजांचा वकील म्हणून नेमले. तेथे त्याने वरिष्ठांना स्वतःच कळवले, की या जागेवर करण्यासारखे काम नाही. याहून चांगली जागा मिळेल अशी त्याची आशा. सरकारने त्याचे म्हणणे मान्य केले, १८३२ साली ती जागाच रद्द केली आणि दुसरी दिली नाही.

१८३५ च्या मे महिन्यात कालेच्या जुन्या देण्यापायी त्याला काँमध्ये अटक झाली. सत्तावन्नाव्या वर्षी तो कर्जदारांच्या कोठडीत पडला. त्या कोठडीतही रोज घागरी-घागरी पाणी आणि थोडे दूध मागवून तो आपले स्नान यथासांग करीत असे. इंग्लंडातल्या मित्रांनी वर्गणी करून त्याला सोडवले. पण घडी मोडली ती मोडलीच. पांढरा गळपट्टा रोज धुऊन घेणे परवडेना, तेव्हा त्याने काळा रेशमी पट्टा बांधायला सुरुवात केली. काळ्यावर मळ दिसत नाही. ब्रमेलच्या चरित्रातला सर्वांत दुःखद प्रसंग कोणता असे मला कोणी विचारले, तर तुरुंगवास नव्हे, मी हा काळा पट्टा सांगेन. मळ झाकण्याविरुद्धच तर या माणसाने आयुष्यभर बंड केले होते!

पुढे आजाराने मेंदूवर परिणाम झाला. आपल्या खोलीत मेणबत्त्या लावून, केव्हाच मरून गेलेल्या सरदार-स्त्रियांचे तो आदराने स्वागत करी. मग काही वेळाने भान येऊन रिकाम्या खुर्च्यांसमोर रडे. अखेर अखेर त्याला स्वतःच्या शरीराचीही शुद्ध राहिली नाही. बाँ सोव्हर या जोगिणींच्या इस्पितळात त्याची सेवा झाली आणि तेथेच ३० मार्च १८४० रोजी तो वारला. चार वर्षांनी कॅप्टन जेस याने त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर, पुरुषांच्या सदऱ्यांच्या आणि बुटांच्या दुकानांच्या गर्दीत, २००२ साली त्याचा पुतळा उभारला गेला.

ब्रमेलला शहाणा म्हणावे की वेडा? मला वाटते, त्याची विद्या खरी होती आणि तिचा हिशेब खोटा होता. त्याने शिकवलेली विद्या वस्तुतः गरिबाच्या आवाक्यातली आहे. दोनच सदरे असतील, पण एक अंगावर आणि एक दोरीवर असा क्रम चुकला नाही, तर तो माणूस दहा सदरेवाल्यापेक्षा नीट दिसतो. पांढरे सुती कापड उन्हात वाळवावे, रंगीत कापड उलटे करून सावलीत. खळ सुती कापडालाच घालावी आणि पातळ घालावी. कपडा बरेच दिवस पेटीत ठेवायचा असेल तर खळ धुऊन काढावी, कारण कसर आधी खळीवर येते. लोकरी कोट वारंवार धुवू नये. घालून आल्यावर ब्रशाने झटकावा, रुंद खांद्याच्या हँगरला लावून एक दिवस विसावा द्यावा, आणि पावसाळ्यापूर्वी स्वच्छ करूनच आत ठेवावा. घामाचे डाग राहिलेल्या लोकरीला किडा लवकर लागतो. कोटावर इस्त्री फिरवायची तर मध्ये ओलसर फडके ठेवावे, नाहीतर कापड चमकू लागते. भिजलेले बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नयेत. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाऱ्यावर वाळवावेत आणि मग पॉलिश पातळ लावावे. बटण लोंबू लागले की त्याच रात्री सुईदोरा काढावा. यातल्या कशालाच ८०० पौंड लागत नाहीत. रोजची पंधरा मिनिटे लागतात.

मात्र ती पंधरा मिनिटे आपली असावीत. रॉबिन्सनची नव्हेत, किंवा घरी आईची आणि बहिणीचीही नव्हेत. आपला सदरा आपण धुतला, की त्याची कॉलर किती घासावी लागते ते कळते आणि तो अंगावर घालताना मान आपोआप ताठ होते. लाँड्रीत किंवा शिंप्याकडे काम दिले असेल, तर त्याची मजुरी त्याच महिन्यात चुकती व्हावी. दुकानात कोट हप्त्याने मिळतो, मित्राच्या लग्नासाठी बूट उसने पैसे काढून घेता येतात. अशा वेळी ब्रमेलच्या घरातल्या वस्तूंचा तो लिलाव आठवावा. ब्रमेलच्या गळपट्ट्याला खळ होती, घडी होती, शुभ्रता होती. तो ज्या पैशाने आणला, ते पैसे तेवढे त्याचे नव्हते.